क्वार्टरमधले घर : भिलाई, दूरचित्रवाणी मालिका आणि रॉक गीत

दूरचित्रवाणी मालिका आणि रॉक संगीत ही दोन्ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात रुजलेली रूपे होत. त्यांच्याविषयीच्या आपल्याकडील चर्चेत 'आयात' आणि 'अनुकरण' हे शब्द वारंवार येतात. रूपापुरते हे म्हणणे खरे आहे. तथापि रूप बाहेरून आले म्हणून आशयही बाहेरून आला असे ठरत नाही. या दोन्ही रूपांना येथे टिकून राहण्यासाठी जे द्रव्य लागले, ते बव्हंशी घराने पुरवले. नवराबायकोचे न बोललेले बोलणे, मुलाने निवडलेला आडवा रस्ता, पगाराची तारीख आणि म्हातारपणीचे एकटेपण हे ते द्रव्य होय. प्रस्तुत लेखात या देवाणघेवाणीचा विचार भिलाई या एका पोलादनगरीच्या संदर्भात केला आहे. दूरचित्रवाणी मालिकांतून पुढे येऊन, रॉक बँडलाच कुटुंबकथेचा निवेदक करणारे दिग्दर्शक अनुराग बसू यांचा जन्म १९७४ साली याच गावी झाला. त्यांच्या कलाकृतींवर भिलाईचा थेट प्रभाव सिद्ध करणे हा येथे हेतू नाही. या नगरीत घडलेले घर, पडद्यावर दिसलेले घर आणि गाण्यात ऐकू आलेले घर ही तीन घरे शेजारी ठेवली असता काय दिसते आणि काय दिसेनासे होते, एवढाच प्रश्न आहे.

१. नोकरीने दिलेले घर

भिलाईच्या कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व दुर्ग वेगळे झाले. त्यापूर्वीचा ब्रिटिश मध्य प्रांताचा आणि त्याच्याही आधीचा नागपूरकर भोसल्यांचा काळ लक्षात घेतला, तर मराठी वाचकाला हा प्रदेश परका वाटण्याचे कारण नाही. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भाताची शेते आणि तलाव असलेल्या या मुलखात कारखान्याबरोबरच आखीव वसाहत उभी राहिली. तिचे भाग 'सेक्टर' या नावाने व क्रमांकाने ओळखले जाऊ लागले आणि त्यातील प्रत्येक निवासस्थान 'क्वार्टर' झाले.

'क्वार्टर' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वाडा पिढ्यांनी मिळतो, चाळीतली खोली भाड्याने मिळते. क्वार्टर मात्र नोकरीने मिळते, हुद्द्यानुसार लहानमोठे असते आणि निवृत्तीनंतर सोडावे लागते. अशा घरात आजोबांची खोली नसते, कुलदैवताचा पिढीजात कोपरा नसतो आणि शेजारी बहुधा दुसऱ्या प्रांताचा असतो. बंगाली, मराठी, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, ओडिया, बिहारी आणि छत्तीसगढी अशी कुटुंबे एकाच ओळीत राहू लागली. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांनी त्यांचा दिवस ठरू लागला. ज्या घरातला कर्ता रात्रपाळीहून परतून दुपारी झोपतो, त्या घरातल्या मुलांना हळू बोलण्याची सवय लागते. कारखान्याचे वेळापत्रक असे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते.

या बदलाचा सर्वांत सखोल अभ्यास ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी केला आहे. १९९३ पासून त्यांनी भिलाईत दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले, आणि अजय टी. जी. यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ अलीकडे प्रकाशित झाला. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. छत्तीसगढच्या ग्रामीण समाजातील अनेक जातींत पहिले लग्न मोडणे आणि 'चूडी' पद्धतीने दुसरे घर करणे ही नवलाची गोष्ट नव्हती. सरकारी कारखान्यात कायम नोकरी मिळालेल्या कुटुंबांत मात्र विवाह अधिक टिकाऊ होऊ लागला, आणि पतिपत्नींनी परस्परांचे सोबती असावे ही अपेक्षा बळावली. वस्तीत राहणाऱ्या असंघटित मजुरांच्या जीवनात जुनी सैल रीत बरीचशी कायम राहिली. म्हणजे एकाच गावात, नोकरीच्या प्रकारानुसार, दोन तऱ्हेची घरे घडत होती.

सोबतीच्या या नव्या अपेक्षेत एक भारही आहे. पूर्वी जे सासू, नणंद, भावकी आणि गाव यांच्यात वाटले जाई, ते आता दोन माणसांनी एकमेकांना पुरवायचे असते. ते पुरवता आले नाही तर तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न उरतो. मालिका आणि गीत यांना जागा मिळते ती येथे.

२. घरात आलेला पडदा

छत्तीसगढात दूरचित्रवाणी प्रथम आली ती घरात नव्हे, चावडीवर. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा जो प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला, त्यात रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतील गावांचा समावेश होता. शाळेत अथवा पंचायतघरात ठेवलेल्या संचासमोर गाव जमे आणि शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांविषयी ऐके. पडद्यावर कुटुंब होते, परंतु ते उपदेशाचा विषय म्हणून होते.

याच सुमारास मुंबई दूरदर्शनवर वेगळा प्रयोग झाला. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवर आधारलेल्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. येथे कुटुंब उपदेशासाठी नव्हते. कारकुनी पगारात भागवणारे मध्यमवर्गीय घर त्याच्या फजितीसह तेथे दिसत होते, आणि मराठी प्रेक्षकाने त्यात स्वतःला ओळखले. साहित्यात आधीच सिद्ध झालेले घर दूरचित्रवाणीला आयते मिळाले, हे या मालिकेचे वैशिष्ट्य होय.

उपदेश आणि ओळख या दोन्ही धारा १९८४ मध्ये 'हम लोग' या मालिकेत एकत्र आल्या. या मालिकेच्या कल्पनेमागे वर्ध्याचे खासदार व तत्कालीन माहिती आणि प्रसारण मंत्री वसंत साठे यांची १९८२ ची मेक्सिको भेट होती. मिगेल साबिदो यांनी तेथे कौटुंबिक मालिकांतून लोकशिक्षणाचा जो मार्ग शोधला होता, तो भारतात आणावा असा विचार त्यातून पुढे आला. मनोहर श्याम जोशी यांनी लेखन केले, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन केले आणि ७ जुलै १९८४ पासून दीडशेहून अधिक भाग प्रसारित झाले. लोकशिक्षणाचा हेतू मागे पडला. व्यसनी बाप, सोसणारी आई आणि नोकरी शोधणारा मुलगा लोकांच्या स्मरणात राहिले. प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ अभिनेते अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत. घरातल्या गोष्टीला घराबाहेरचा, वडीलधारा निवेदक लागतो, ही या मालिकेने घालून दिलेली रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तिचेच एक अनपेक्षित रूप आढळते.

भिलाईच्या क्वार्टरमध्ये हा पडदा आला तेव्हा तो एकत्र कुटुंबात आला नाही. तो अशा लहान कुटुंबात आला जेथे सायंकाळी बोलण्यासाठी माणसे मोजकीच होती. गावाकडच्या नातलगांची जागा पडद्यावरच्या नातलगांनी घ्यावी, याला ही रचना अनुकूल होती.

३. रंगभूमीच्या घरातून मालिकेकडे

अनुराग बसू यांचे आईवडील, दीपशिखा आणि सुब्रतो बोस, हे रंगकर्मी होते. नाटकवाल्यांच्या घरात एक विशेष गोष्ट घडते. बोलण्याचा सूर, थांबण्याची जागा आणि भांडणाचा क्रम ही घरातलीच सामग्री तालमीत तपासली जाते. अशा घरात वाढलेल्या मुलाला रोजचे संभाषण हे केवळ संभाषण राहत नाही. बसू पुढे मुंबईत आले, पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले आणि दूरचित्रवाणीच्या व्यवसायात शिरले.

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही ही खासगी वाहिनी सुरू झाली. पुढील वर्षी तिच्यावर 'तारा' ही मालिका आली. विंता नंदा यांचे लेखन आणि रमण कुमार यांचे दिग्दर्शन असलेल्या या मालिकेत नवनीत निशान यांनी रंगवलेली नायिका महानगरात स्वतःच्या बळावर जगणारी होती. बसू यांनी रमण कुमार यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम सुरू केले आणि पुढे याच मालिकेचे दिग्दर्शनही केले. त्यानंतरची काही वर्षे अनेक मालिका त्यांच्या हातून गेल्या.

दैनंदिन मालिका दिग्दर्शकाला एक कठोर शिस्त लावते. रोज ठरावीक मिनिटे भरायची असतात, खर्च मर्यादित असतो आणि दृश्ये घराच्या चार भिंतींत घडवायची असतात. म्हणून चहा देणे, दार उघडणे, दूरध्वनी वाजणे, कोणी तरी आडून ऐकणे या लहान घटनाच कथानक बनतात. घरगुती जीवन येथे प्रेरणा असते तसेच कच्च्या मालाची अखंड पुरवणीही असते. याच शिस्तीचा दोष असा की, घर चालते कशावर हे मालिकेत क्रमशः दिसेनासे झाले. २००० नंतरच्या हिंदी मालिकांतील कुटुंबे उद्योगपतींची झाली. त्यांच्या दिवाणखान्यात दागिने दिसत, पण पाळीचा भोंगा ऐकू येत नसे. कामाशिवायचे घर ही कल्पना भिलाईच्या कोणत्याही क्वार्टरला अपरिचितच होती.

४. घर सोडून घराविषयी गाणारे

रॉक संगीताची ओळख बंडखोर म्हणून करून दिली जाते. परंतु बंड बहुधा घराविरुद्ध असते, आणि म्हणून घर त्याच्या केंद्रस्थानी राहते. अमेरिकेत दूरचित्रवाणी व रॉक यांचा संगम कुटुंबातच झाला. १९५२ ते १९६६ या काळात चाललेल्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ऑझी अँड हॅरिएट' या मालिकेत नेल्सन कुटुंब स्वतःच स्वतःची भूमिका करीत असे. धाकटा मुलगा रिकी १९५७ साली त्याच मालिकेत गायला आणि देशभरचा रॉक गायक झाला. आईवडिलांच्या पसंतीच्या चौकटीत, कौटुंबिक कार्यक्रमातच, नव्या पिढीचे संगीत बसवले गेले.

बंगालमध्ये हे वेगळ्या रीतीने घडले. कोलकात्यात १९७० च्या दशकाच्या मध्यास सुरू झालेला 'मोहीनेर घोडागुली' हा बँड नात्यागोत्यांतून उभा राहिला. गौतम चट्टोपाध्याय, त्यांचे भाऊ प्रदीप व विश्वनाथ आणि नातलग रंजन घोषाल त्यात होते. नाकतला येथील घर हीच त्यांची तालमीची जागा होती. आरंभी उपेक्षित राहिलेली या बँडची गाणी १९९० च्या दशकात नव्या संकलनांतून पुन्हा लोकांपर्यंत गेली. त्यांतील एका प्रसिद्ध गाण्याचा विषय प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. उपग्रह आणि केबल यांच्यामुळे सारे जग आकसून बैठकीच्या खोलीतल्या पेटीत कोंडले जाते, आणि माणसे जवळ असूनही दुरावतात, असा त्याचा आशय आहे. रॉक गीताने येथे दूरचित्रवाणीविषयी तक्रार केली आहे, आणि तक्रारीचे स्थळ घर आहे.

बांगलादेशातील गायक जेम्स यांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. वडील सरकारी नोकरीत होते आणि मुलाने संगीताकडे जाणे त्यांना मान्य नव्हते. जेम्स घराबाहेर पडले आणि चितगाव येथील एका बोर्डिंगात राहून गाऊ लागले. 'फीलिंग्ज' व पुढे 'नगर बाउल' या बँडद्वारे ते बांगला रॉकचे अग्रणी झाले. आई आणि वडील यांच्यावरील त्यांची गाणी त्यांच्या सर्वाधिक लोकप्रिय गाण्यांत मोडतात, हे विशेष होय. जो मुलगा घर सोडून गेला त्याच्या आवाजात घरी राहिलेल्यांनी आपली आईबापे ऐकली.

या दोन धारा अनुराग बसू यांच्या २००६ मधील 'गँगस्टर' चित्रपटात एकत्र आल्या. संगीतकार प्रीतम यांनी 'मोहीनेर घोडागुली'च्या वर उल्लेखिलेल्या गाण्याच्याच चालीवर 'भीगी भीगी' हे हिंदी गीत बांधले आणि ते जेम्स यांनी गायले. चाल राहिली, दूरचित्रवाणीविषयीची तक्रार मात्र गळून तिच्या जागी विरहगीत आले. दूरचित्रवाणीतून आलेल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात हे घडावे, यात एक विसंगती आहे. त्याबरोबरच सांस्कृतिक व्यवहाराचा एक नियमही यात दिसतो. घरातून निघालेली तक्रार बाजारात पोहोचेपर्यंत बहुधा प्रेमाचे गाणे झालेली असते.

५. किल्ली आणि निवेदक

११ मे २००७ रोजी प्रदर्शित झालेल्या 'लाइफ इन अ... मेट्रो' या चित्रपटात बसू यांनी मालिकेतले घर आणि रॉक गीत यांचा जाणीवपूर्वक मेळ घातला. मुंबईतील अनेक जोडप्यांच्या कथा त्यात गुंफल्या आहेत. संसारात एकटी पडलेली गृहिणी व तिला भेटलेला धडपड्या नाट्यकलावंत, तिचा नवरा व त्याची कार्यालयातील सहकारी, लग्नाचे वय उलटत चाललेली तरुणी, आणि उतारवयात पुन्हा भेटलेले दोन प्रेमिक यांचा त्यात समावेश आहे. या सर्व कथांमध्ये प्रीतम, सुहेल कौल आदी वादक-गायकांचा बँड रस्त्यावर, पावसात, पात्रांच्या आसपास उभा राहून गातो. पात्रांना तो दिसत नाही, प्रेक्षकांना दिसतो. जेम्स यांचा आवाज येथेही आहे.

'हम लोग'मध्ये अशोक कुमार जे करीत, ते काम येथे बँड करतो. फरक असा की, वडीलधारा निवेदक काय योग्य ते सांगे, तर बँड पात्रांच्या मनात काय आहे तेवढेच सांगतो. सल्ल्याची जागा साक्षीने घेतली. लहान कुटुंबात ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असे वडीलधारे माणूस उरले नाही, त्या कुटुंबाच्या कथेत निवेदकही बदलणे क्रमप्राप्त होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बिली वाइल्डर यांच्या 'द अपार्टमेंट' (१९६०) या चित्रपटावरून घेतलेल्या सूत्रात, एक तरुण कर्मचारी बढतीच्या आशेने आपल्या घराची किल्ली वरिष्ठांना देतो. सूत्र परकीय आहे, पण त्यामुळे मालिकांनी पुसून टाकलेली गोष्ट परत आली. घर आणि नोकरी ही एकाच किल्लीने उघडतात, हे पुन्हा दिसले. कोणाचा संसार कोणाच्या बढतीवर उभा आहे, याचा हिशेब पडद्यावर मांडला गेला. भिलाईत क्वार्टरची किल्ली हुद्द्याबरोबर येई आणि हुद्द्याबरोबर जाई. हे सत्य ज्यांनी जगून पाहिले त्यांना या कथेतील अपमान समजावून सांगण्याची गरज नव्हती. या चित्रपटाच्या पटकथेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ४ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'मेट्रो... इन दिनों'मध्ये हीच रचना अनेक महानगरांत विस्तारली. बँडमध्ये प्रीतम यांच्यासह पापोन आणि राघव चैतन्य दिसले.

६. न दिसलेली घरे

या इतिहासाची दुसरी बाजू मांडल्याविना विवेचन पुरे होणार नाही. क्वार्टरमधले घर हे भिलाईतले एकमेव घर नव्हते. कारखान्याभोवतीच्या खासगी उद्योगांत आणि लोहखनिजाच्या खाणींत कंत्राटी कामगार होते. त्यांना क्वार्टर नव्हते, कायम नोकरी नव्हती. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी दल्ली राजहरा येथे जी चळवळ उभारली, तिच्यात वेतनाइतकेच महत्त्व दारूबंदी, आरोग्य आणि स्त्रियांचा सहभाग यांना होते. अर्थात तीही कुटुंबाचीच चळवळ होती. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगी यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलक कामगारांवर गोळीबार होऊन सोळा कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीन महिन्यांनी झी टीव्ही सुरू झाली. या घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण कौटुंबिक मालिकांचे युग सुरू होत असताना, कोणत्या कुटुंबांच्या वाट्याला मालिका आली नाही, हे या सान्निध्यातून कळते.

तीजनबाई यांचे उदाहरणही येथे आठवते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या या पंडवानी गायिकेने उभे राहून गाण्याची, पुरुषांची मानली गेलेली कापालिक शैली स्वीकारली, म्हणून समाजाचा रोष पत्करला आणि घर सोडले. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' (१९८८) या मालिकेतून देशाने त्यांना महाभारत सांगताना पाहिले. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दूरचित्रवाणीने त्यांचा आवाज घेतला, मात्र गाण्यासाठी घर सोडावे लागलेल्या बाईच्या संसाराची कथा मालिकेचा विषय झाली नाही. जेम्स यांनी घर सोडले तेव्हा ते रॉक संगीताच्या परंपरेत बसले. तीजनबाईंनी घर सोडले त्याला तसे नाव मिळाले नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, दूरचित्रवाणी मालिका आणि रॉक गीत यांनी एकाच घरातून दोन भिन्न वस्तू उचलल्या. मालिकेने घरातले बोलणे घेतले. रॉक गीताने घरात जे बोलता आले नाही ते घेतले. या दोहोंना वाव मिळाला तो लहान, स्थलांतरित, पगारावर आणि परस्परांच्या सोबतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबामुळे. आणि असे कुटुंब मोठ्या प्रमाणावर घडवणाऱ्या नगरींत भिलाईचे स्थान ठळक आहे. मात्र घर पडद्यावर जाताना त्याचे अर्थार्जन मागे राहते, आणि गीतात जाताना त्याची तक्रार मवाळ होते. जेथे घर आणि नोकरी यांचा जोड पुन्हा दाखवला गेला, तेथे ही रूपे आयात न राहता येथली झाली. ज्यांना नोकरीने घर दिले नाही, अशांची घरे या दोन्ही रूपांच्या बाहेरच राहिली. कौटुंबिक जीवनाला कलेची प्रेरणा म्हणताना ते कोणाचे कौटुंबिक जीवन, हा प्रश्न त्यामुळे सोबत ठेवावा लागतो.